टेबलावर पडलेल्या माणसाला काही विकू नका

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी मानेवाडा रोडवर दोन टेबलांचं मसाज सेंटर चालवते. पंचकर्माचा कोर्स करून एका वैद्यांकडे सहा वर्षं काम केलं, दीड वर्षापूर्वी स्वतःचं सुरू केलं. हाताखाली एक मुलगी आहे. बायका-पुरुष दोघंही येतात.

मार्चमध्ये एका काकूंना दहा वेळांचं पॅकेज ८,००० रुपयांना दिलं. सुट्या मालिशचा माझा दर १,००० आहे. पहिल्याच दिवशी मालिश चालू असतानाच सांगितलं आणि त्या लगेच हो म्हणाल्या. तिसऱ्या वेळेनंतर त्यांच्या पाठीवर काळेनिळे डाग उमटले. मग कळलं की त्या हार्टसाठी रक्त पातळ करायची गोळी घेतात. डॉक्टरांनी मालिश बंद करायला सांगितली. आता त्या पैसे परत मागून राहिल्या आणि ते पैसे तर माझे एसीत गेले.

दुसरं असं, धंतोलीकडच्या एका एमआरआय सेंटरचा माणूस दर पेशंटमागे ५०० रुपये द्यायला तयार आहे. एका हाडांच्या दवाखान्यातला कंपाउंडर उलट माझ्याकडून २० टक्के मागतो, पेशंट पाठवतो म्हणतो. एक मुलगा लकवा झालेल्या वडिलांसाठी येऊन राहिला, "हात चालायला लागेल का तेवढं सांगा" म्हणतो. मी घरी केलेलं तेल ३५० रुपयांना विकते, ते त्यांना द्यावं का? आणि काही पुरुष गिऱ्हाईकं नको ते मागतात, माझी मुलगी घाबरते. काय बरोबर, काय चूक, कळून नाही राहिलं.

– एक वाचक, नागपूर

उत्तर

ताई, आधी काकूंचे पैसे, कारण त्या वाट पाहत आहेत.

८,००० भागिले दहा, म्हणजे एका वेळेचे ८००. तीन वेळा झाल्या, त्याचे २,४०० कापले तर ५,६०० उरतात. पण तिसऱ्या वेळेला त्यांना इजा झाली आणि ती तुम्ही गोळ्यांबद्दल एक प्रश्न न विचारल्यामुळे झाली. त्या वेळेचे पैसे घेऊ नका. ६,४०० परत करा. "सुट्या दराने तीन हजार कापते" असं आता म्हणता येणार नाही. तसा हिशेब करायचा असेल तर तो पैसे घेण्याआधी सांगून पावतीवर लिहावा लागतो, आणि तुम्ही तसं केल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. एकरकमी जमत नसेल तर या आठवड्यात ३,४०० आणि पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला ३,००० द्या. दोन्ही यूपीआयने द्या म्हणजे नोंद राहील, आणि तारखा आजच मेसेजमध्ये लिहून पाठवा. काकूंचा राग रकमेपेक्षा फोन न उचलण्याचा असतो.

कायद्याचंही सांगून ठेवते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. सेवेत उणीव असताना ठरलेल्या मुदतीत, आणि मुदत ठरली नसेल तर ३० दिवसांत पैसे परत न करणं हीसुद्धा त्याच यादीत आहे. गिऱ्हाइकाने विश्वासाने सांगितलेली खासगी माहिती तिसऱ्याला सांगणंही तिथेच आहे, त्यामुळे "त्या काकूंना ना, हार्टचा त्रास आहे" असं शेजारणीजवळ सहज बोलून जाऊ नका. काकूंनी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला तर तुमच्याकडे दाखवायला काय आहे? पावती नाही, नोंद नाही, गोळ्यांबद्दल विचारल्याचा पुरावा नाही.

आता हे घडलं कसं ते नीट पाहू, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांची मुळं तिथेच आहेत. काकू टेबलावर पालथ्या पडलेल्या, अंगावर चादर, पाठीला तेल, दुखणं नुकतं हलकं झालेलं. अशा वेळी माणूस "विचार करून सांगते" म्हणत नाही. ज्या हाताने आता बरं वाटतंय त्या हाताला नाही म्हणणं जड जातं. म्हणून टेबलावरच्या माणसाशी पैशाचं बोलायचंच नाही. दर, पॅकेज, तेल, पुढची तारीख, जे काही असेल ते मालिशच्या आधी खुर्चीत बसून, नाहीतर कपडे घालून बाहेर आल्यावर, पाणी पिऊन झाल्यावर. पॅकेजचा निर्णय त्याच दिवशी घेऊच देऊ नका. "घरी जा, उद्या अंग कसं वाटतं ते पाहा, मग कळवा" एवढं म्हणा. दुसऱ्या दिवशी नाही म्हणणारे जे दोन-चार जण निघतील, ते पुढे पैसे परत मागायला आले असते.

दहा वेळांचं पॅकेज मुळातच लांब आहे. चारच्या वर जाऊ नका. पहिल्या दिवशी शून्य ते दहा या पट्टीवर दुखणं किती ते विचारून लिहा, तिसऱ्या वेळेनंतर पुन्हा विचारा. सात होतं आणि पाच किंवा कमी झालं, तर पुढे जाण्यात अर्थ आहे. सातचं साडेसहा झालं असेल तर मालिश त्या दुखण्याचा उपाय नाही, त्यांना डॉक्टरकडे पाठवा. दहाचं पॅकेज विकलेलं असलं की हेच बोलायला जीभ रेटत नाही, कारण बोललात की सात वेळांचे पैसे परत करावे लागतात.

आगाऊ घेतलेले पैसे तुमचे नसतात, मालिश होईपर्यंत ती तुमच्या डोक्यावरची उधारी असते. त्यासाठी वेगळं बचत खातं उघडा. पॅकेजचा प्रत्येक रुपया तिथे जमा, आणि एक वेळ झाली की एका वेळेची रक्कम रोजच्या खात्यात वळती. महिन्याच्या शेवटी वहीतल्या उरलेल्या वेळा मोजा. समजा सगळ्या गिऱ्हाइकांच्या मिळून ४६ वेळा शिल्लक आहेत आणि दर ८०० आहे, तर खात्यात ३६,८०० दिसलेच पाहिजेत. कमी असतील तर तेवढं दुसऱ्याचं खर्चून बसलात. लग्नसराईत पॅकेजं भराभर खपतात, खातं फुगलेलं दिसतं आणि एप्रिलच्या उकाड्यात एसी घेतला जातो. नागपुरात एसी लागतोच, पण तो झालेल्या कामाच्या कमाईतून घ्या.

पावतीवर दोन ओळी छापून घ्या: "पॅकेज केव्हाही थांबवता येईल. झालेल्या वेळा पॅकेजच्या दराने धरून उरलेली रक्कम ७ दिवसांत परत मिळेल. मुदत ३ महिने." मुदत महिन्याची ठेवू नका. माणसं गावी जातात, पोरांच्या परीक्षा येतात, आणि बुडालेल्या वेळांवर कमावलेला पैसा अख्ख्या गल्लीत बदनामी करतो.

गोळीचा प्रश्न यापुढे प्रत्येकाला, दर महिन्याला. "काही आजार आहे का?" असं विचारलं तर लोक "नाही" म्हणतात, कारण बीपी आणि शुगरला आपल्याकडे कुणी आजार म्हणत नाही. म्हणून "रोज कोणती गोळी घेता? पाकीट दाखवा, नाहीतर फोटो पाठवा" असं विचारा. इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, अ‍ॅसिट्रोम या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी काही दिसलं तर जोराचा दाब, कोपराने दाबणं, कपिंग (कातडीवर पेले लावून ओढणं) बंद. हलक्या हाताची मालिश करायची असली तरी डॉक्टरांना विचारून. गोळी थांबवा असं मात्र चुकूनही सांगू नका. शुगर असेल तर पायाला गरम पाण्याची पिशवी किंवा तापवलेली पुरचुंडी नको. पाय बधिर असू शकतो, चटका कळत नाही आणि जखम भरता भरत नाही. तीळतेल सोसतं का ते आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून पाहायला सांगा. शिवाय गरोदरपण, झालेली ऑपरेशनं, घातलेल्या पट्ट्या-स्क्रू, कॅन्सर आणि ताप विचारा. हे सगळं एका पानात बसतं. पान गिऱ्हाइकाने स्वतः भरायचं, सही करायची. लिहिता येत नसेल तर तुम्ही वाचून दाखवा.

काहींना त्या दिवशी हातच लावायचा नसतो. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दाबली की दुखते, त्यात नुकतं ऑपरेशन, प्लास्टर किंवा लांबचा प्रवास झालेला: शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. कंबरदुखीसोबत लघवी अडली किंवा नकळत होते, बसायची जागा बधिर झाली, दोन्ही पायांतली ताकद गेली: त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात किंवा त्यांच्या डॉक्टरकडे पाठवा, उद्यावर टाकू नका. तिसरी गोष्ट आपल्या विदर्भाची. वीस-तीस वर्षांचा पोरगा किंवा पोरगी जांघेत, खुब्यात दुखतं म्हणून लंगडत आली तर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे का ते विचारा. या आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाड आतून मरत जाऊ शकतं. असा पाय ओढणं, वळवणं, "नस बसवणं" म्हणजे खचत चाललेलं हाड आणखी खचवणं. सिकलसेलच्या पेशंटला वाफेच्या पेटीतही बसवू नका. अंगातलं पाणी कमी झालं की त्यांचं दुखणं उसळतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असताना घाम आधीच पुष्कळ गेलेला असतो.

अशा माणसाला परत पाठवलं तर त्याच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. म्हणजे त्या तासाचे हजार रुपये गेले, आणि नेमक्या याच कारणाने "हलकीच करून देते" असं तोंडातून निघतं. घर चालवायचं असताना हे सोपं नाही, पूर्ण जाणीव आहे. महिन्याचं बजेट बांधतानाच तीन-चार तास असे रिकामे जाणार हे धरून चाला, म्हणजे त्या क्षणी मन हिशेबात अडकणार नाही.

एमआरआयचे पाचशे. नाही घ्यायचे. महिन्याला दहा जण पाठवले तर ५,००० मिळतील, म्हणजे पाच मालिशी न करता. मग काय होतं? "एकदा एमआरआय करून घ्या" हे वाक्य तुमच्या तोंडी लवकर यायला लागतं. तुम्ही खोटं बोलत नसता, पण शंकेचं माप बदललेलं असतं. साध्या कंबरदुखीला, वर सांगितलेली धोक्याची लक्षणं नसतील तर, सुरुवातीचे पाच-सहा आठवडे सहसा एमआरआयची गरजच नसते. बहुतेक लोक त्याआधीच बरे होतात. शिवाय एमआरआय करायला सांगणं हे डॉक्टरचं काम आहे, तुमचं नाही. आणि ते पाचशे सेंटर स्वतःच्या खिशातून देत नाही, पेशंटच्या बिलातूनच निघतात.

तो माणूस म्हणेल, "तुम्ही थोड्याच डॉक्टर आहात, तुम्हाला कुठला नियम?" खरं आहे, डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम तुमच्यावर नाहीत. पण त्या नियमांत पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन घेणं जसं बंद आहे तसंच देणंही बंद आहे, आणि सेंटरच्या मागे डॉक्टर असेल तर तो नियम त्याच्यावर आहे. त्याला इतकंच सांगा: "माझं नाव सांगून कुणी आलं तर ते पाचशे त्याच्या बिलातून कमी करा." कोणी डॉक्टरचं किंवा सेंटरचं नाव विचारलं तर एक नाव देऊ नका, दोन-तीन लिहून द्या, त्यात मेडिकल किंवा एम्स असू द्या, आणि पसंती त्यांची राहू द्या. दिवाळीला मिठाईचा डबा आला तर घ्या. पाकीट आलं तर परत करा.

कंपाउंडरच्या २० टक्क्यांनाही तेच उत्तर. हजारातले दोनशे त्याला दिले की तुम्ही एकतर दर वाढवाल, नाहीतर तासाचे पंचेचाळीस मिनिटं कराल. पेशंट हवे असतील तर कंपाउंडरला ओलांडून डॉक्टरांना भेटा. एका पानावर लिहून न्या: मी काय करते, काय करत नाही, कोणाला परत पाठवते. त्यांनी पाठवलेल्या माणसाच्या तीन वेळा झाल्या की पाच ओळींची चिठ्ठी द्या: कुठे मालिश केली, दाब किती, दुखणं किती होतं, किती झालं, काय वेगळं दिसलं. रामदासपेठ-धंतोलीतल्या डॉक्टरांना मालिशवाल्यांपैकी अशी चिठ्ठी क्वचितच कुणी देतं. ज्या डॉक्टरांना ती मिळते ते पुढचा पेशंटही पाठवतात.

लकव्याच्या आजोबांचं. त्या मुलाला आशा हवी आहे आणि ती विकणं फार सोपं आहे, म्हणून इथे सगळ्यात जास्त जपा. लकव्यात बिघाड मेंदूत असतो. हाताला चोळून मेंदूकडचा रस्ता उघडत नाही. हालचाल जी काही परत येते ती व्यायामाने, पुन्हा पुन्हा करून घेतलेल्या हालचालीने, आणि सुरुवातीचे महिने त्यासाठी मोलाचे असतात. ते महिने तेल-मालिशीत गेले तर भरून येत नाहीत. मुलाला सरळ सांगा: "हात चालेल का ते मला सांगता येणार नाही. त्यांना नोंदणी असलेल्या फिजिओथेरपिस्टकडे न्या. मेडिकलमध्ये फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी दोन्ही आहेत. डॉक्टर हो म्हणाले तर अंग आखडू नये, त्वचा नीट राहावी, त्यांना बरं वाटावं म्हणून मी आठवड्यातून एकदा हलकी मालिश करून देईन." पॅकेज नाही, प्रत्येक वेळेचे सुटे पैसे. आणि लुळा पडलेला हात कधीही ओढायचा नाही, त्याला धरून माणसाला उठवायचं नाही. खांद्याचे स्नायू ढिले असतात, सांधा निसटतो, आणि ते दुखणं मूळ आजारापेक्षा जास्त छळतं. घरच्यांनाही हे करून दाखवा. याचे पैसे लावू नका.

घरचं तेल विकणं थांबवा. विक्रीसाठी आयुर्वेदिक औषध बनवायला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खाली परवाना लागतो. आणि तेल लकवा, संधिवात, मधुमेह किंवा लठ्ठपणा बरा करतं अशी जाहिरात केली तर १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा लागतो. त्यात जाहिरात म्हणजे फक्त बोर्ड नाही, लेबल आणि पत्रकही येतं. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. परवाना क्रमांक आणि बॅच छापलेली कंपनीची बाटली ठेवा, छापील किमतीच्या वर एक रुपया घेऊ नका, आणि हीच बाटली इतवारी बाजारात स्वस्त मिळते हेही सांगा. पाठ-कंबरेच्या मालिशीला १५ ते २० मिली तेल पुरतं, तेव्हा "आठवड्याला एक बाटली लागेल" हे कोणालाही पटवू नका. बोर्डवर "सायटिका १५ दिवसांत बरा" असं काही असेल तर आजच रंग मारा, सेवेबद्दलचा खोटा दावाही ग्राहक कायद्यात येतोच. "अंगदुखी, थकवा यासाठी मालिश, दर तासाला १,००० रुपये" पुरेसं आहे. कुणी "डॉक्टर ताई" म्हणून हाक मारली तर तिथल्या तिथे "मी डॉक्टर नाही हो, मालिश करते" म्हणा, कारण उद्या ते तुम्हाला एक्स-रे वाचायला देतील.

राहिलं नको ते मागणाऱ्यांचं. तुमच्या पानावर आधीच लिहा: अंतर्वस्त्रं काढायची नाहीत, ज्या भागाला मालिश तेवढाच उघडा, बाकी चादरीखाली, पोट, मांडीची आतली बाजू विचारल्याशिवाय नाही, आणि छातीचा पुढचा भाग व जांघ कधीच नाही, गिऱ्हाइकाने किंवा आपण केव्हाही "बस" म्हटलं की थांबायचं. अठरा वर्षांखालच्या मुलाला घरचं मोठं माणूस खोलीत असल्याशिवाय घ्यायचं नाही. दाराला आतून कडी नको, पडदा आणि बेल पुरे.

कोणी तसं बोललं तर मुलीने हात काढायचा, दोन पावलं मागे सरायचं, "मालिश संपली, कपडे घाला" एवढंच म्हणून खोलीबाहेर यायचं. समजावत बसायचं नाही, हसून टाळायचं नाही, त्याला वाटतं अजून बोलता येईल. बाहेर पूर्ण पैसे तुम्ही घ्या, तिच्याकडून मागायला लावू नका. वहीत तारीख, वेळ, नाव, नंबर, जे बोलला ते त्याच्या शब्दांत लिहा आणि त्याला पुन्हा वेळ देऊ नका, तो ओळखीचा असो की घरमालकाचा भाचा असो. हात लावला, वाट अडवली तर पोलिसांना ११२ वर फोन. घरी जाऊन मालिश करायची असेल तर दोघींनी जा, किंवा त्या घरात दुसरी बाई असल्याची फोनवर आधी खात्री करा.

कामाच्या ठिकाणी गिऱ्हाइकाने त्रास दिला तरी २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा तुमच्या मुलीला लागू होतो. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती नसते, म्हणून तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. सिव्हिल लाइन्सच्या जिल्हाधिकारी कार्यालयात विचारलं तर कुठे द्यायची ते सांगतील. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते. तिला लिहायला मदत करा, वहीतल्या त्या पानाचा फोटो जोडा, आणि त्या कामात तिचा जो दिवस जाईल त्याचा पगार कापू नका.